लग्न पाहावं करून

२०११ च्या मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मी लंडनला गेले. बॅगेत डिंक, अळीव, खारकेची पूड, बाळंतशोपा. हॅरोमधल्या तिच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची घरं. प्रत्येकापुढे रुमालाएवढी बाग. शेजाऱ्यांची ओळख म्हणाल तर 'गुड मॉर्निंग' आणि कचऱ्याचे डबे बाहेर काढायचा वार, एवढ्यापुरती. एप्रिलच्या मध्यावर नात झाली. ती आठ-दहा दिवसांची असताना दाराला पत्रांसाठी असलेल्या फटीतून एक कागद आत पडला.

२९ एप्रिलला, शुक्रवारी, राजपुत्र विल्यमचं लग्न. देशाला सुट्टी. कौन्सिलची परवानगी काढली आहे, दुपारी गल्ली वाहनांना बंद, रस्त्यावर टेबलं मांडून सगळ्यांनी मिळून खायचं. खाली तक्ता होता: घर नंबर अमुक, खुर्च्या, तमुक, पताका, मग सँडविच, चहाच्या किटल्या, मुलांचे खेळ, शेवटी झाडलोट. आमच्या घरापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'घरात तान्हं बाळ आहे. काही आणू नका, नुसते या.'

मला ते लागलं. लग्नकार्यात नुसतं यायचं आणि बसायचं, ही काय रीत झाली? मी जावयांना म्हटलं, ते खोडा आणि लिहा, कोथिंबीर वड्या, साठ. लेक म्हणाली, आई, तुला बाळाचं करायचंय की राजाचं? मी म्हटलं, दोन्ही होईल.

हे सगळं चौदा वर्षांनी लिहायचं कारण म्हणजे गेल्या डिसेंबरात पुण्यात झालेलं माझ्या भाच्याचं लग्न. त्याकडे येतेच, पण आधी ती लंडनची दुपार.

सकाळी टीव्हीसमोर आम्ही चार बायका होतो, नात धरून. चौथ्या म्हणजे शेजारच्या घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी. एकटीने लग्न बघायचा कंटाळा येतो म्हणून त्या आमच्याकडे आल्या. लग्न अकराला, पण वेस्टमिन्स्टर ॲबीत पाहुण्यांना सव्वाआठपासून आत घ्यायला लागले होते. एकोणीसशे पाहुणे. ना पाणी फिरतंय, ना पन्हं, ना कुणी कुणाला 'या, बसा' म्हणतंय. टोप्या सावरत सगळे अडीच-तीन तास गप्प बसून. टोपी म्हणजे तरी काय! राजपुत्राच्या चुलतबहिणीने, बिअॅट्रिसने डोक्यावर जे घातलं होतं त्याची जगभर इतकी टिंगल झाली, की पुढच्या महिन्यात तिने ते ईबेवर लिलावात काढलं. ८१ हजार पौंडांवर किंमत आली आणि ती सगळी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेली. त्या दिवशी सर्वांत जास्त काम झालं ते त्या टोपीचं, असं माझं मत आहे.

आजी म्हणाल्या, १९४७ साली एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हा मी सात वर्षांची होते, आम्ही रेडिओवर ऐकलं. युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी कापड रेशनवरच होतं. राजकन्येलासुद्धा लग्नाच्या पोशाखासाठी कूपनं जमवावी लागली. सरकारने तिला दोनशे जास्तीची दिली. देशभरातल्या बायकांनी आपापली कूपनं पाकिटात घालून तिला पाठवली. दुसऱ्याची कूपनं वापरणं बेकायदेशीर म्हणून ती सगळी परत करावी लागली. "माझ्या आईने नव्हती पाठवली," आजी म्हणाल्या, "तिला स्वतःलाच कोट शिवायचा होता." त्या लग्नाचा केक नऊ फूट उंच होता आणि त्यात लागणारं बरंचसं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाईड मुलींनी पाठवलेलं. मला हा केक फार आवडला. आमच्याकडे चुलत्यांच्या मळ्यातून गूळ आला, मावशीकडून कुरडया आल्या, त्यातलाच प्रकार.

टीव्हीवरचा निवेदक मात्र दर पाच मिनिटांनी 'हजार वर्षांची परंपरा' म्हणत होता. नंतर मी लेकीकडच्या वाचनालयातून दोन-तीन पुस्तकं आणून वाचली. बाळ झोपलं की दुसरं करायचं काय? हजार वर्षांचं त्यात फारसं काही नाही हो. पांढरा पोशाख ही व्हिक्टोरिया राणीने १८४० साली रूढ केलेली गोष्ट. त्याआधी नवरी आपल्याकडचं चांगलं रंगीत वस्त्र घालायची. पांढऱ्यावर हाताने विणलेली लेस उठून दिसते, आणि डेव्हन परगण्यातल्या लेस विणणाऱ्या बायकांचा धंदा यंत्रांमुळे बसला होता, त्यांना काम मिळावं हाही त्यामागे विचार होता. राजघराण्यातली लग्नं तेव्हा राजवाड्यातल्या लहानशा देवघरात, घरच्यांपुरती व्हायची. ॲबीत थाटाने लग्न लावायची पद्धत पुन्हा सुरू झाली ती १९१९ पासून, पहिल्या महायुद्धानंतर, जेव्हा युरोपातली सिंहासनं एकामागून एक कोसळली होती आणि इथल्या राजाला प्रजेच्या डोळ्यांसमोर राहणं गरजेचं वाटू लागलं होतं. १९२३ मध्ये बीबीसीने लग्न रेडिओवर ऐकवायची परवानगी मागितली. चर्चने नकार दिला. सांगतात ते कारण असं, की लोक दारूच्या गुत्त्यात डोक्यावरची टोपी न काढता मंत्र ऐकतील! अकरा वर्षांनी, १९३४ मध्ये, रेडिओ आत शिरलाच. १९६० मध्ये टीव्ही. १९८१ मध्ये डायनाचं लग्न जगभरात पंचाहत्तर कोटी लोकांनी पाहिलं म्हणतात. म्हणजे निवेदक ज्याला परंपरा म्हणत होता तिचं वय साधारण माइकइतकं.

यात मला वाईट काही वाटत नाही. परंपरा कुणीतरी कधीतरी सुरू करतंच. आमच्या मराठी लग्नांत नवरदेवाचे बूट पळवायचा खेळ आला तो १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' नंतर, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याआधी आमच्याकडे कानपिळी होती. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळायचा आणि मानाचं वस्त्र घ्यायचा. बूट पळवण्यात मजा आहे, नाही असं नाही. पण कान पिळायला अंगात थोडं धैर्य लागतं.

माझं स्वतःचं लग्न डायनाच्याच वर्षीचं, दोन महिने आधीचं, मे महिन्यातलं. हे ऐकून शेजारच्या आजींनी गालावर हात ठेवला. त्यांच्याकडे मे महिन्यात लग्न करणं अशुभ मानतात. केलं तर पस्तावाल, अशी म्हणच आहे. मी म्हटलं, आमच्याकडे मे नसता तर अर्धा महाराष्ट्र बिनलग्नाचा राहिला असता. शाळांना सुट्टी, शेतात काम नाही, आंबा उतरलेला. मुहूर्त काय पंचांगच काढतं होय?

मराठीत लग्नाला 'कार्य' म्हणतात, हा शब्द मला त्या दिवशी फार आठवत होता. 'आमच्याकडे कार्य आहे.' 'कार्य नीट पार पडलं.' सोहळा हा शब्द पत्रिकेत छापायचा. घरात बोलायचा शब्द कार्य. सांगलीजवळच्या आमच्या गावात वाड्यापुढच्या मांडवात माझं लग्न झालं तेव्हा शंभर-सव्वाशे माणसं कामात होती. धाकटे काका पहाटेपासून पाण्याची पिंपं भरत होते. आतेभावांनी पंगतीला वाढलं: मसालेभात, जिलबी, मठ्ठा. कुणाकडे पत्रावळी मोजायचं, कुणाकडे बैलगाड्या आणि एस.टी. बघायचं. रुखवतातला शेवयांचा बंगला आणि कापसाची बदकं शेजारच्या बायकांनी केली होती. ज्यांना काहीच जमत नव्हतं त्यांना अक्षता वाटायला लावलं. अक्षता तर सगळ्यांनाच. मंगलाष्टकांच्या प्रत्येक 'सावधान'ला मांडवातला शेवटचा माणूससुद्धा दोन दाणे टाकून लग्न लावत असतो. ॲबीतल्या एकोणीसशे जणांतल्या कितींना असं म्हणता येईल?

आता, हे लिहिताना माझीच जीभ चावते. माझ्या आईने माझं लग्न पाहिलेलं नाही. ती कोठीच्या खोलीत होती, कमरेला किल्ल्या लावून; तूप कमी पडणार की काय या धास्तीत. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने आतूनच हात जोडले, असं मावशी सांगते. त्या पंगतीत गावातलं कोण बसलं होतं आणि कुणाला मागच्या दाराने द्रोण दिले गेले, तेही मला आठवतं. कार्यात सगळ्यांचा हात लागतो तसा सगळ्यांचा पायही आडवा येतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे हिची सोयरीक ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरली होती. दोन्ही मराठी घराणी, तयारी सुरू. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची गाठ कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी पडली आणि तिने शिंद्यांना परस्पर पत्र लिहून लग्न मोडलं. विसाव्या वर्षी आणि त्या काळात! आईबाप दोन वर्षं अडून बसले. शेवटी १९१३ मध्ये, याच लंडनमध्ये, तिचं ब्राह्मो पद्धतीने लग्न लागलं तेव्हा माहेरचं, आई-वडिलांपैकी कुणी हजर नव्हतं. राजघराण्यातल्या मुलीचं लग्न, आणि पाठीशी मामा नाही की डोक्यावर आईचा हात नाही. पुढे जयपूरच्या महाराणी झालेल्या गायत्रीदेवी या तिच्याच लेक. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही.

पण काम सगळ्यांना हवं, एवढं मी म्हणणार.

त्या दुपारी आकाश ढगाळ होतं, पाऊस मात्र आला नाही. गल्लीच्या दोन्ही तोंडांना 'रस्ता बंद'च्या पाट्या लागल्या आणि घराघरांतून टेबलं निघाली. एकसारखी दोन नव्हती. कुणाचं जेवणाचं, कुणाचं बागेतलं, तर कुणी भिंतीला कागद चिकटवायला वापरतात ते घडीचं टेबल आणलेलं. त्यांवर चादरी. पताका जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या. ही चालसुद्धा १९१९ चीच. युद्ध संपल्यावर मुलांसाठी रस्त्यावर अशी टेबलं मांडून खाऊ दिला होता, तिथून सुरुवात. २०११ च्या त्या एका दिवसासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये गल्ल्या बंद करायचे साडेपाच हजारांच्या आसपास अर्ज आले होते.

खायला काकडीची सँडविचं, स्कोन, आणि एक करी पावडर घातलेलं पिवळं गार चिकन. हा पदार्थ एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी १९५३ मध्ये बनवला गेला म्हणून त्याचं नावच 'कॉरोनेशन चिकन'. आमची हळद तिथे राजपदाला पोचलेली पाहून बरं वाटलं. चवीबद्दल बोलत नाही. नैरोबीहून आलेले एक गुजराती काका ढोकळा घेऊन बसले होते. मी वड्यांचं ताट घेऊन पंगतीत वाढतात तशी टेबलाच्या कडेकडेने निघाले. 'नो, थँक यू' याचा अर्थ 'अजून दोन वाढा' असा लावायची मला जन्माची सवय. इंग्रजांचा तो अर्थ नसतो, हे लेकीने कोपराने ढोसून सांगेपर्यंत अर्धी गल्ली वड्या खाऊन झाली होती. शेजारच्या आजींनी चार घेतल्या. समोरच्या घरातला एक उंच गृहस्थ, ज्याने दोन वर्षांत जावयांशी एक शब्द काढला नव्हता, तो विचारत होता की ही पानं कुठली. मग गाडी लावायच्या जागेवरून, तुंबलेल्या गटारावरून, शाळेच्या प्रवेशावरून गप्पा रंगल्या. नवरानवरी तीन वाजेपर्यंत सगळ्यांच्या डोक्यातून गेले होते.

रात्री बातम्यांत एक दृश्य पाहिलं. पाहुणे गेल्यावर ॲबीतला एक सेवक, पूर्ण पोशाखात, त्या लाल गालिच्यावर हातांवर उलटा होऊन चक्रासारख्या उड्या मारत होता. कॅमेरा चालू आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या अख्ख्या समारंभात मला ओळखीचं वाटलेलं माणूस ते एवढंच. कार्य पार पडल्यावर धाकटे काका रिकाम्या मांडवात असेच नाचले होते.

आहेराबद्दल लिहायचं राहिलं. १९४७ च्या लग्नात हैदराबादच्या निजामाने हिऱ्यांचा हार दिला, आणि गांधीजींनी, माउंटबॅटन यांच्या सुचवण्यावरून, स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं एक लहानसं वस्त्र पाठवलं. भेटींच्या प्रदर्शनात वधूच्या आजीला, राणी मेरीला, तो पंचा वाटला आणि त्या रागावल्या. पण एलिझाबेथने ते जपलं; सत्तरेक वर्षांनी भारताच्या पंतप्रधानांना काढून दाखवलं. निजामाच्या हारामागे किती हात राबले ते ठाऊक नाही, या वस्त्रामागचा हात सगळ्या जगाला माहीत होता.

२०१८ मध्ये विल्यमच्या धाकट्या भावाचं, हॅरीचं लग्न विंडसरला झालं. त्यांनी सांगून टाकलं, आहेर नको, सात संस्थांना देणगी द्या. सातांपैकी ब्रिटनबाहेरची एकच, आणि ती आपली मुंबईची, वस्त्यांतल्या बायकांना सॅनिटरी पॅड बनवायचं काम देणारी 'मैना महिला'. आणि मुंबईच्या डबेवाल्यांनी काय केलं? नवरीला पैठणी आणि नवऱ्याला कुडता-फेटा! 'कृपया आहेर आणू नये' ही पत्रिकेतली ओळ मराठी माणूस जशी वाचतो तशीच त्यांनी वाचली. त्यांचं नातंही जुनं. हॅरीचे वडील चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला डबेवाल्यांना येऊन भेटले होते आणि २००५ च्या त्यांच्या दुसऱ्या लग्नाला दोन डबेवाले विंडसरला जाऊन आले. रोज दुसऱ्याच्या घरचं अन्न वाहणाऱ्यांना रिकाम्या हाताने बसणं जमणार कसं? त्याच हॅरीच्या लग्नात किल्ल्याच्या आवारात बाराशे सामान्य नागरिकांना बोलावलं होतं आणि आधी कळवलं होतं की जेवणाचा डबा घरून आणा. राजवाड्याचं आमंत्रण, आणि डबा घरचा! असं पत्र आमच्याकडून गेलं असतं तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण आता वाटतं, नुसतं या म्हणण्यापेक्षा डबा आणा म्हणणं बरं.

तर भाच्याचं लग्न. पुण्याबाहेरचं मोठं लॉन. नवरानवरीची 'एन्ट्री', धुराचे लोट, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. अंतरपाट आम्ही पाहिला तो बाजूच्या भल्यामोठ्या पडद्यावर, कारण प्रत्यक्षात दिसत होत्या त्या छायाचित्रकारांच्या पाठी. अंतरपाट धरायलाही काळ्या टी-शर्टातली दोन मुलं. मामा स्टेजखाली उभा. मी सवयीने स्वयंपाकाकडे वळले तर कानात यंत्र घातलेली एक मुलगी नम्रपणे म्हणाली, "काकू, तुम्ही फक्त एन्जॉय करा." तिचं चुकलं नाही, ते तिचं काम होतं. बहिणीलाही कोठीत कोंडून घ्यावं लागलं नाही, ती पहिल्या रांगेत भरजरी शालू नेसून बसली होती, आणि याचा मला मनापासून आनंद झाला. पण ती तिथे बसून काय करत होती? मोबाइलवर ड्रोनमधून येणारं आपल्याच मुलाचं लग्न पाहत होती. आईला किल्ल्यांतून सोडवलं ते छान झालं. मग आत्याला, मामाला, शेजाऱ्याला, पाहुण्याला, सगळ्यांनाच सोडवून टाकलं. राजेलोकांकडून आपण काय उचललं? तर ॲबीतलं गप्प बसणं. हॅरोतली टेबलं उचलायला हवी होती. खर्चही कमी.

नात आता चौदा वर्षांची आहे. तिच्या गल्लीत पुढे २०१८ मध्ये, २०२३ च्या राज्याभिषेकाला अशीच टेबलं लागली आणि दर वेळी तिला कामाची चिठ्ठी मिळाली: लिंबूपाणी, पताका, लहान मुलं सांभाळणं. लॉनवर ती माझ्या शेजारी बसली आणि पंधरा मिनिटांनी तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत विचारलं, "आजी, माझं काम काय आहे?"

मला सांगता येईना. तेवढ्यात काळ्या टी-शर्टातला एक मुलगा अक्षतांच्या जाळीच्या पुड्या भरलेली परडी घेऊन उभा दिसला. त्याला वाटायची सूचना अजून कानात आली नव्हती. मी उठले आणि परडी त्याच्या हातातून काढून तिच्या हातात दिली. ती रांगारांगांतून निघाली, प्रत्येकाला 'घ्या' म्हणत, कुणी 'नको' म्हटलं तरी देत. हे तिने कुणाकडून घेतलं ते सांगायला नको. माणसं सातशेच्या वर आणि ती एकटी. मंगलाष्टकं संपून ताशा वाजला तेव्हा शेवटच्या तीन रांगा राहिल्याच होत्या. तिथे काठी टेकून एक आजोबा बसले होते, कुणाकडचे कोण जाणे. तिने ओशाळून पुडी पुढे केली. त्यांनी ती सावकाश सोडली, स्टेजकडे पाहिलं, ते फार लांब होतं, आणि दाणे तिच्याच डोक्यावर टाकले.